‘एकच प्याला’ आणि एकच दिवस

१

कै. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाविषयीं मराठींत इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत आणखी एका लेखाची भर घालण्यापूर्वीं लेखकानें आपलें प्रयोजन सांगणें अवश्य ठरतें. १९१९ च्या जानेवारींत गडकरी निवर्तले आणि त्याच वर्षीं गंधर्व नाटक मंडळीनें हें नाटक रंगभूमीवर आणलें. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिला ती पिढी आतां उरलेली नाहीं. पण नाटक उरलें आहे, आणि त्याच्याबरोबर चालत आलेले वादहि उरले आहेत. हें नाटक खरी शोकांतिका आहे कीं मद्यनिषेधाचें प्रचारनाट्य, सुधाकराच्या अधःपाताला दिलेलें कारण पुरेसें आहे कीं नाहीं, सिंधूचें पातिव्रत्य हा आदर्श मानावा कीं आत्मघात, तळीराम हें विनोदी पात्र आहे कीं खलपुरुष, हे ते वाद होत. त्यांपैकीं एकाचाहि निकाल लावण्याची माझी इच्छा नाहीं. मला विचारावयाचें आहे तें एवढेंच कीं, या नाटकांत कोणतें पात्र नाहीं?

नसलेल्या पात्रावरून नाटकाची परीक्षा करणें हा टीकेचा सरळ मार्ग नव्हे, हें मी जाणतों. परंतु ज्या घरांत एखादा सुधाकर आहे त्या घरांत ‘एकच प्याला’ करमणूक म्हणून वाचलें जात नाहीं. तेथें तें भविष्यासारखें वाचलें जातें. पहिला प्याला, मग व्यसन, मग दारिद्र्य, मग मृत्यु, असा जो जिना गडकऱ्यांनीं बांधला आहे त्याला मध्यें कोठेंहि बाहेर पडण्याचें दार नाहीं, असा त्या घराचा समज होतो. शंभर वर्षांनंतर आजहि आपल्या सुशिक्षित घरांतून ‘दारूचा शेवट ठरलेलाच’ असें म्हणून हात टेकले जातात, त्यांत या नाटकाच्या सामर्थ्याचा वांटा थोडा नाहीं. तें दार खरोखरच नाहीं काय, आणि नाटकांत तें कां दिसत नाहीं, याचा विचार येथें करावयाचा आहे.

२

सुधाकर हा बुद्धिमान, महत्त्वाकांक्षी आणि अतिशय मानी असा तरुण वकील. कोर्टांतील एका प्रसंगानें त्याची सनद कांहीं काळापुरती जाते. झालेला अपमान त्याला सोसवत नाहीं, आणि नेमक्या त्या वेळीं त्याचा कारकून तळीराम हा विसराचा उपाय म्हणून पहिला प्याला त्याच्या हातीं देतो. येथें गडकऱ्यांचें मनुष्यस्वभावाचें ज्ञान किती खोल होतें तें पाहण्यासारखें आहे. तळीराम सुधाकराला उपदेश करीत नाहीं. त्याच्या मानीपणाला नांवें ठेवीत नाहीं. तो त्याच्या दुःखाशेजारीं येऊन बसतो, आणि या दुःखावर मला एक औषध ठाऊक आहे, मीं तें घेऊन पाहिलें आहे, असें सांगतो. त्याचें औषध विष आहे. पण तें देण्याची त्याची रीत बिनचूक आहे.

पुढें येतें तें तळीरामाचें ‘आर्यमदिरामंडळ’. त्या काळीं आपल्याकडे सभा, संमेलनें आणि मंडळें यांना जो ऊत आला होता त्याचें हें विडंबन, म्हणून आपण त्यावर हंसतों आणि पुढें जातों. परंतु जरा थांबून पाहिलें तर या मंडळाचें आकर्षण कशांत आहे तें कळतें. शास्त्रीबोवांपासून खुदाबक्षापर्यंत येथें कोणालाहि मज्जाव नाहीं. येथें कोणी कोणाची सनद विचारीत नाहीं. बाहेर जी गोष्ट लाजेची ती येथें सभासदत्वाची पात्रता ठरते. अपमानानें एकाकी झालेल्या मनुष्याला जें जें हवें असतें, म्हणजे सोबत, समानता आणि न बोलतां समजून घेणें, तें सर्व या मंडळांत त्याला फुकट मिळतें. किंमत फक्त प्रकृति, पैसा आणि घर एवढीच.

आतां दुसऱ्या बाजूला कोण आहे तें पाहूं. रामलाल हा विद्वान, सज्जन आणि जिवाभावाचा मित्र. त्याच्यापाशीं उपदेश आहे. पद्माकर हा मेहुणा; त्याच्यापाशीं बहिणीच्या कळवळ्यानें आलेला संताप आहे. सिंधूपाशीं अश्रू, सेवा आणि क्षमा आहे. तिघांचेंहि सुधाकरावर प्रेम आहे, आणि तिघांनाहि आंतून कसें असतें हें ठाऊक नाहीं. व्यसन कोणकोणत्या अवस्थांतून चढत जातें आणि तें सुटत कां नाहीं याचें विवरण सुधाकर रामलालाजवळ करतो, तो भाग तर या दृष्टीनें फारच बोलका आहे. तेथें मद्यपी हा शिक्षक होतो आणि त्याचा तारणहार हा श्रोता. सुधाकराला आपला रोग रामलालापेक्षां अधिक कळतो. म्हणूनच रामलालाचा कोणताहि शब्द त्याच्या रोगापर्यंत पोहोंचत नाहीं.

तरीहि सुधाकर एकदां दारू सोडतो. हें आपण पुष्कळदां विसरतों. तो निश्चय करतो आणि कामधंद्याच्या शोधांत बाहेर पडतो. पण ‘दारूबाज’ हा लौकिक त्याच्याआधीं प्रत्येक दारांत जाऊन पोहोंचलेला असतो. कोणी त्याला उभें करीत नाहीं, आणि त्याच अपमानाच्या वाटेनें तो पुन्हां प्याल्याकडे वळतो. नाटकाचा खरा उत्कर्षबिंदु मला येथें वाटतो. अखेरच्या अंकांतील मृत्यु हे त्याचे परिणाम आहेत. मनुष्यानें दारू सोडली आहे, घरीं तोंड दाखविण्याची लाज आहे, गांवांत मान नाहीं. अशा संध्याकाळीं त्यानें जावें कोठें? गडकऱ्यांच्या गांवांत पिणाऱ्यांचें मंडळ आहे. पिणें सोडूं पाहणाऱ्यांचें मंडळ नाहीं. न आलेलें पात्र म्हणतों तें हेंच. सुधाकराच्याच खड्ड्यांत पडून वर आलेला आणि त्याच्या दारांत येऊन ‘मीहि तेथें होतों’ असें म्हणणारा मनुष्य या नाटकांत त्याला भेटत नाहीं.

हा दोष गडकऱ्यांचा नव्हे. त्यांच्या काळीं आपल्याकडे मद्यपानाविरुद्ध चळवळ नव्हती असें नाहीं. १९०८ सालीं पुण्यांत लोकमान्यांच्या प्रेरणेनें स्वयंसेवकांनीं दारूच्या दुकानांवर पहारे केले होते. पुढें स्वराज्य आल्यावर मुंबई इलाख्यांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला. पण पहाऱ्याचा रोख दुकानावर होता आणि कायद्याचा बाटलीवर. ज्याची तल्लफ बाटली फोडल्यानें फुटत नाहीं त्या मनुष्यासाठीं यांपैकीं कशांतहि जागा नव्हती.

३

‘एकच प्याला’ रंगभूमीवर आल्यानंतर सोळा वर्षांनीं, १९३५ च्या मे महिन्यांत, अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत ॲक्रन या रबराच्या कारखान्यांच्या शहरीं एक भेट घडली. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांतील मनुष्य एका व्यवहारासाठीं तेथें आला होता आणि तो व्यवहार फिसकटला होता. विल्सन हा पक्का मद्यपी. मागच्या डिसेंबरांत इस्पितळांत असतांना त्यानें दारू सोडलेली. हातीं पैसा नाहीं, परकें शहर, पदरीं अपयश. आणि हॉटेलच्या दिवाणखान्यांत एका बाजूला मद्यगृहांतून हंसण्याचे आवाज येत होते. सुधाकराची संध्याकाळ ती हीच.

विल्सनला त्या वेळीं एक गोष्ट आठवली. गेले कांहीं महिने तो न्यूयॉर्कमध्यें मद्यपी लोकांना गांठून त्यांना सुधारण्याचा प्रयत्न करीत होता. त्याच्या त्या खटाटोपानें एकहि मनुष्य सुधारला नव्हता. पण तेवढा काळ तो स्वतः मात्र पिण्यावांचून राहिला होता. आपल्याला वांचावयाचें असेल तर बोलावयास दुसरा एक मद्यपी हवा, हें त्याच्या ध्यानांत आलें. त्यानें मद्यगृहाकडे पाठ फिरवून दूरध्वनीवरून स्थानिक चर्चच्या धर्मोपदेशकांकडे चौकशी सुरू केली, आणि त्या चौकशींतून त्याची गांठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्याशीं पडली. हे डॉक्टर स्वतःच दारूपायीं व्यवसाय गमावण्याच्या बेतांत आले होते. पंधरा मिनिटांपेक्षां अधिक बसावयाचें नाहीं, असें ठरवून ते भेटीला आले आणि सुमारें सहा तास बसले.

या सहा तासांत विल्सननें काय केलें? त्यानें उपदेश केला नाहीं. ज्या डॉक्टरनें त्याच्यावर उपचार केले होते त्यानें त्याला बजावलें होतें कीं, तूं लोकांना प्रवचनें देतोस म्हणून ते पळतात. तेव्हां या वेळीं त्यानें केवळ आपली हकीकत सांगितली: कसा प्यालों, कितीदां शपथा घेतल्या, कितीदां मोडल्या, आणि आतां मला तुमची गरज कां आहे. डॉ. स्मिथ यांना दारूच्या दुष्परिणामांची माहिती नव्हती असें नाहीं. ते स्वतः वैद्य होते. परंतु आपल्याच भाषेंत बोलणारा मनुष्य त्यांना प्रथमच भेटला. त्यानंतर एकदां त्यांचा निश्चय ढळलाहि. त्यावरून कोणी त्यांना टाकलें नाहीं. आणि १० जून १९३५ नंतर त्यांनीं १९५० सालीं मरेपर्यंत दारूला स्पर्श केला नाहीं. ‘अल्कोहॉलिक्स अनॉनिमस’, म्हणजे निनावी मद्यासक्तांचा संघ, या संस्थेचा जन्म त्या दिवशीं झाला असें मानतात.

मराठी वाचकानें विशेष लक्ष द्यावें अशी गोष्ट यापुढची आहे. हे दोघे तिसऱ्या मनुष्याच्या शोधांत शहराच्या इस्पितळांत गेले. तेथें खाटेवर पडलेला जो रुग्ण त्यांना दाखविण्यांत आला तो त्या शहरांतील एक वकील होता. अलीकडच्या कांहीं महिन्यांतच त्याला अनेक वेळां इस्पितळांत आणावें लागलें होतें. उपदेशाला तो विटलेला होता. हे दोघे खाटेशेजारीं बसले आणि त्यांनीं आपापली कथा सांगितली. तो वकील त्या खाटेवरून उठला आणि पुन्हां प्यालाच नाहीं. सुधाकराच्या खाटेशेजारीं असे दोघेजण येऊन बसले असते तर नाटक कसें संपलें असतें, हें सांगतां येणार नाहीं. पण प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

४

कोणी म्हणेल कीं, हा चमत्कार केवळ सहानुभूतीचा. सहानुभूति तर सिंधूपाशींहि होती. हा आक्षेप महत्त्वाचा आहे, आणि त्याचें उत्तर देतांना मला दुसऱ्या एका नाटकाचा आधार घ्यावासा वाटतो. अमेरिकन नाटककार यूजीन ओनील यानें १९३९ सालीं ‘द आइसमन कमेथ’ हें नाटक लिहिलें. तें १९४६ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतहि मद्यगृहांत पडून असलेल्या लोकांचें एक मंडळ आहे. प्रतिवर्षीं त्यांना दारू पाजणारा हिकी नांवाचा फिरता विक्रेता यंदा मात्र स्वतः न पितां येतो आणि सर्वांना सुधारूं लागतो. तुमच्या खोट्या आशा सोडा, म्हणजे तुम्हांला शांति मिळेल, असा त्याचा उपदेश. परिणाम उलटा होतो. मंडळांतील सारी माया आटते आणि लोक पूर्वींपेक्षां दुःखी होतात. शेवटीं कळतें कीं, हिकीनें आपल्या पत्नीचा खून केला आहे. त्याचें कारण तो सांगतो तें भयंकर आहे: ती त्याला प्रत्येक वेळीं क्षमा करीत असे, आणि ती क्षमा त्याला असह्य झाली होती.

हिकी न पिणारा आहे, पूर्वाश्रमींचा मद्यपी आहे, आणि तरीहि तो कोणाला तारूं शकत नाहीं. कारण तो सर्वांचें सत्य उघडें करतो आणि आपलें शेवटपर्यंत झांकून ठेवतो. तो दुरुस्त करावयास आलेला आहे, दुरुस्त होण्यासाठीं नव्हे. ॲक्रनच्या भेटींत नेमकें याच्या विरुद्ध घडलें. तेथें देणारा आणि घेणारा असा भेद नव्हता. बोलणाऱ्यालाच ऐकणाऱ्याची अधिक गरज होती. उपकाराचें ओझें नसलेली ही जी मदत तीच मानी मनाला घेतां येते. सुधाकर मानी आहे. सिंधूची क्षमा त्याला वर उचलीत नाहीं. उलट ती जितकी निर्मळ तितका तो आपल्या नजरेंत खालीं जातो. ओनीलनें जें उघड बोलून दाखविलें तें गडकऱ्यांनीं न बोलतां दाखविलें आहे, आणि माझ्या मतें ‘एकच प्याला’ ही शोकांतिका ठरते ती याच जागीं. वाईट माणसांमुळें नव्हे, तर चांगल्या माणसांचें चांगुलपण कमी पडल्यामुळें येथें सर्वनाश ओढवतो.

आतां भगीरथाचें काय, असें जाणता वाचक विचारील. भगीरथ हा प्रेमभंगानें दारूकडे वळलेला तरुण. रामलाल त्याला लोकसेवेचा मार्ग दाखवितो आणि तो सुटतो. म्हणजे मद्यपी सुटूं शकतो ही गोष्ट गडकऱ्यांना मान्य होती. कसा सुटतो हेंहि त्यांना दिसलें होतें: रिकाम्या मनाला काम मिळालें, एकट्या मनुष्याला सोबत मिळाली आणि त्याची गरज असलेलीं दुसरीं माणसें भेटलीं. परंतु भगीरथाचा हा अनुभव सुधाकराच्या उद्धारासाठीं नाटकांत कोठेंहि कामीं येत नाहीं. त्याची कथा उपकथानक म्हणून शेजारून वाहत जाते. एकाच नाटकांत बुडणारा आहे, तरलेला आहे, आणि दोघांना जोडणारा प्रवेश नाहीं. नाटककाराला तो सुचूं नये यांत नवल नाहीं. कारण तरलेल्यानें बुडणाऱ्याला तारावें आणि तसें करण्यांतच स्वतः तरून राहावें, ही कल्पना तेव्हां जगालाच नीटशी अवगत नव्हती.

जी एकदां अवगत झाली होती ती टिकली नव्हती. १८४० सालीं बाल्टिमोर शहरांत सहा मद्यपींनीं मिळून ‘वॉशिंग्टोनियन’ नांवाची अशीच एक संस्था काढली. ती वणव्यासारखी पसरली आणि थोड्याच वर्षांत विझली. दारूबंदीचें राजकारण, व्याख्यानबाजी आणि इतर वाद यांत ती विखुरली. हा इतिहास पुढें अल्कोहॉलिक्स अनॉनिमसच्या उपयोगी पडला. या संघानें कोणत्याहि सार्वजनिक वादांत मत द्यावयाचें नाहीं, बाहेरची देणगी घ्यावयाची नाहीं, वर्तमानपत्रांत सभासदांचीं नांवें आणावयाचीं नाहींत, आणि ‘दारू सोडण्याची इच्छा’ यापलीकडे सभासदत्वाला अट ठेवावयाची नाहीं, असे दंडक घातले. तळीरामाच्या मंडळांतहि मज्जाव कोणाला नव्हता. फरक इतकाच कीं, तेथें दार उघडें होतें तें आंत ओढण्यासाठीं.

५

सिंधूविषयीं स्वतंत्रपणें बोलणें अवश्य आहे. आपल्या वाचकवर्गांत सुधाकरांपेक्षां सिंधू अधिक आहेत, असें मला वाटतें. सिंधू दळण दळून घर चालविते, नवऱ्याचें वर्तन झांकते, आणि मरतांनाहि त्याच्यावर आळ येऊं नये म्हणून खोटें बोलते. या त्यागापुढें प्रेक्षागृह रडतें. परंतु घरांतील मनुष्यानें व्यसन झांकल्यानें व्यसनी मनुष्याच्या आणि त्याच्या कृत्याच्या परिणामाच्या मध्यें एक पडदा उभा राहतो, आणि त्या पडद्याआड व्यसन सुखानें वाढतें, हें आज व्यसनमुक्तीचें काम करणारा प्रत्येकजण सांगेल. बिल विल्सनची पत्नी लोइस हिनें १९५१ सालीं मद्यपींच्या कुटुंबीयांसाठीं ‘अल-अनॉन’ हा निराळा संघ उभारला, त्याचें मर्म हेंच आहे. तेथें पत्नीला नवरा कसा सुधारावा हें शिकवीत नाहींत. त्याचें पिणें तुझ्यामुळें सुरू झालें नाहीं, तुझ्या हातांत नाहीं आणि तुझ्यानें बरें होणार नाहीं. तुझें आयुष्य मात्र तुझ्या हातांत आहे, एवढें तिला तिच्यासारख्याच इतर स्त्रियांच्या तोंडून ऐकावयास मिळतें.

आणि येथेंहि गडकऱ्यांच्या नाटकांत सामग्री हजर आहे. तळीरामाची बायको गीता ही दुसऱ्या मद्यप्याची बायको. ती फटकळ आहे, खरें तें बोलते, आणि सिंधू जें गिळते तें ती तोंडावर फेंकते. या दोघींना एकमेकींजवळ बसवून आपलें दुःख समानतेनें बोलावयास लावलें असतें तर मराठी रंगभूमीवर एक अपूर्व प्रवेश झाला असता. गडकऱ्यांनीं गीतेला मुख्यतः विनोदाच्या कामाला लावलें आणि सिंधूला देव्हाऱ्यांत बसविलें. विनोद आणि देव्हारा या दोहोंच्या मध्यें जी साधी मैत्री असते ती त्यामुळें राहून गेली.

६

या संघाच्या पद्धतीवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतले दोन सुशिक्षित मनुष्याला विशेष जाणवतात. पहिला देवाचा. १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संघाच्या मूळ ग्रंथांत ज्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत त्यांची सुरुवात ‘दारूपुढें आम्ही हतबल आहों’ या कबुलीनें होते, आणि पुढें आपल्यापेक्षां मोठ्या अशा एका शक्तीवर भार टाकावयास सांगितलें आहे. बुद्धिवादी मनुष्याला ही शरणागति वाटते. परंतु ती शक्ति कोणती हें प्रत्येकानें आपल्या समजुतीप्रमाणें ठरवावयाचें असतें. पुष्कळ नास्तिक सभासद समोर बसलेल्या मंडळीलाच ती शक्ति मानतात. आपल्याकडे तर ही कल्पना परकी वाटण्याचें कारणच नाहीं. गळ्यांत तुळशीची माळ घातली कीं दारू सुटली, असा वारकऱ्यांचा दंडक आहे. आणि ती माळ टिकते ती केवळ शपथेच्या जोरावर नव्हे, तर दिंडींत शेजारीं चालणाऱ्या दुसऱ्या माळकऱ्यांच्या जोरावर.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. हीं सारीं अनुभवकथनें. शास्त्र काय म्हणतें? कॉक्रेन या वैद्यकीय परीक्षण करणाऱ्या मंडळानें २००६ सालीं पुरावा निर्णायक नाहीं असाच निर्वाळा दिला होता. २०२० सालीं त्याच मंडळानें २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्ती विचारांत घेऊन पुन्हां परीक्षण केलें. त्यांत असें आढळलें कीं, संघाकडे वळविणारे पद्धतशीर उपचार हे मद्यापासून अखंड दूर राहण्याच्या बाबतींत इतर मान्य मानसोपचारांपेक्षां अधिक गुणकारी ठरतात आणि इतर बाबतींत त्यांच्या बरोबरीचे असतात. हा उपाय प्रत्येकाला लागू पडतो असें कोणी म्हणत नाहीं. आणि एक सूचना येथें दिलीच पाहिजे. पुष्कळ वर्षांची दारू एकाएकीं बंद केल्यास झटके आणि भ्रम होऊन प्राणावर बेतूं शकतें. तेव्हां पहिले दिवस डॉक्टरच्या देखरेखीखालींच काढले पाहिजेत. सोबत्यांचा संघ हा वैद्याला पर्याय नव्हे.

७

मग आजच्या सुधाकरानें जावें कोठें? सुदैवानें या प्रश्नाला आतां उत्तर आहे. अल्कोहॉलिक्स अनॉनिमसचें काम हिंदुस्थानांत १९५७ पासून चालू आहे. महाराष्ट्रांतील लहानमोठ्या शहरांतून त्याच्या सभा भरतात, आणि मराठींतूनहि भरतात. पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट आणि श्री. अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें. अवचटांचें गर्दच्या व्यसनावरील लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनीं पुढें होऊन त्यासाठीं साहाय्य दिलें, हें साहित्याच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. एका लेखनानें आपल्याला जिना दाखविला; दुसऱ्या लेखनानें दार उघडून दिलें. त्या केंद्रांत व्यसनांतून सुटलेलीं माणसेंच नव्या रुग्णांना आधार देतात, आणि पत्नींसाठीं ‘सहचरी’ या नांवाचा निराळा गट आहे.

गट निवडतांना कांहीं खुणा पाहाव्यात. खऱ्या सोबत्यांच्या गटाला प्रवेशशुल्क नसतें. जागेच्या भाड्यासाठीं आणि चहासाठीं जो तो आपखुशीनें चार पैसे टाकतो. तेथें पहिलें नांव सांगितलें तरी पुरतें; आडनांव, जात, नोकरी कोणी विचारीत नाहीं. आपल्या समाजांत आडनांवाबरोबर सारें घराणें सभेंत येऊन बसतें, तेव्हां या निनावीपणाची किंमत आपल्याला अधिक कळावी. कांहीं सभा केवळ मद्यासक्तांसाठीं असतात, कांहीं सर्वांना खुल्या. घरच्या मंडळींनीं आधीं खुल्या सभेला जाऊन पाहावें. डॉक्टरनें दिलेलीं औषधें बंद करा असें जेथें सांगतात, किंवा एखाद्याचें तेथें बोललेलें बाहेर येतें, तेथें पुन्हां जाऊं नये. एका सभेवरून मत बनवूं नये; पहिल्या गटांत मन रमलें नाहीं तर दुसरा पाहावा. आणि निश्चय मोडला तर लाजेनें घरीं बसूं नये. सुधाकराला परतून जावयास जागा नव्हती. येथें परत येणाऱ्यासाठीं खुर्ची ठेवलेली असते.

या सभांतून एक विचार वारंवार ऐकूं येतो, आणि तो ऐकतांना मराठी मनुष्याला गडकऱ्यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. मनुष्याला पाडतो तो दहावा प्याला नव्हे, पहिला. तेवढा एक टाळावयाचा. आणि तोहि जन्मभरासाठीं नव्हे, आजच्या दिवसापुरता. उद्यांचें उद्यां पाहूं. म्हणजे नाटकाच्या नांवांत जें सत्य सांगितलें आहे तेंच हें. परंतु गडकऱ्यांनीं तें ज्यानें अजून प्याला उचलला नाहीं त्याला इशारा म्हणून सांगितलें. ज्यानें उचलून झाला आहे त्याला त्या इशाऱ्याचा उपयोग काय? त्याच्या वांट्याला केवळ पश्चात्ताप येतो. या सभांत तेंच वाक्य पडलेल्या मनुष्याच्या हातीं काठी म्हणून दिलें जातें. जन्माची शपथ सुधाकराला झेपली नाहीं. ती फारच थोड्यांना झेपते. एक दिवस मात्र पुष्कळांना झेपतो, विशेषतः त्या संध्याकाळीं शेजारीं आणखी चौघे बसले असतील तर.

यावरून ‘एकच प्याला’ची योग्यता कमी होते असें मला मुळींच सुचवावयाचें नाहीं. व्यसनी मनुष्याचें मन, त्याच्या माणसांची असहायता आणि समाजाचा ढोंगीपणा यांचें इतकें अचूक चित्र मराठींत दुसरें नाहीं. आणि सुधाकराभोंवतीं जी पोकळी आहे ती गडकऱ्यांनीं पूर्ण प्रामाणिकपणें पोकळी म्हणूनच दाखविली, कोणा साधूला आणून ती बुजविली नाहीं. तें नाटक पाहावें, वाचावें आणि त्यावर रडावें. पण ज्या घरांत आज सुधाकर आहे त्यानें तें विधिलिखित समजूं नये. नाटकाचा पडदा पडला तेव्हां जें मंडळ अस्तित्वांत नव्हतें तें आतां आहे, आणि त्याचें दार आंतल्या माणसांनींच बाहेरच्यासाठीं उघडें ठेवलें आहे.